शिमग्याची रात्र, दंडा-राजपुरी, 1671

1671 सालच्या शिमग्याच्या रात्री दंडा-राजपुरीच्या तटावर घड्याळ नव्हतं. तरीही त्या रात्रीची वेळ आज बऱ्यापैकी लावता येते, कारण शिमगा म्हणजे पौर्णिमा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो, मध्यरात्री माथ्यावर येतो आणि पहाटे समुद्राकडे कलतो. शिवाय या किनाऱ्यावर पौर्णिमेची ऐन भरती दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आगेमागे लागते, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं आणि साडेतीनशे वर्षांत त्यात फरक पडलेला नाही. काय घडलं, कशानंतर काय घडलं, हे खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रात त्याचाच आधार घेतला. तेव्हा क्रम खाफीखानाचा आणि तास चंद्राचे व भरतीचे, अशी ही जुळणी आहे.

मी लिहितो आहे कडावहून. जिल्हा तोच, रायगड. पण आमच्या कर्जत तालुक्यातून समुद्र दिसत नाही. इथलं पाणी उल्हास नदीतून कल्याणच्या खाडीला जातं. जंजिऱ्याच्या सिद्दीची गोष्ट त्याच खाडीतून उलटी आमच्यापर्यंत येते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी तिथे जहाजं बांधायला घेतली आणि त्या खटाटोपामागचं एक मोठं कारण राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी बसलेला हा हबशी होता.

एक वर्ष आधी

जंजिऱ्यावरचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, बहुतेक इथिओपिया आणि पूर्व किनाऱ्यावरचे. अरब व्यापाऱ्यांच्या जहाजांतून, अनेकदा कोवळ्या वयात, विकले जाऊन ते दख्खनला आले. त्यांतला सर्वांत नावाजलेला मलिक अंबर. तो इथिओपियात जन्मला, एकापाठोपाठ एका धन्याला विकला गेला आणि शेवटी निजामशाहीचा वझीर झाला. 1626 मध्ये मरेपर्यंत त्याने जहांगीर बादशहाच्या फौजांना दख्खनेत सुखाने बसू दिलं नाही. दख्खनच्या सुलतानांना असे लोक हवे असत, कारण या मुलखात त्यांचं गोत नसे, वतन नसे, भाऊबंद नसत. धन्याखेरीज कुणाला ते बांधील नसत. निदान धन्याची तशी समजूत असे.

ही समजूत जंजिऱ्यावर 1670 मध्ये मोडली. किल्ल्याचा मुख्य फत्तेखान विजापूरकरांच्या वतीने किल्ला सांभाळत होता. महाराजांनी किनाऱ्यावरची त्याची ठाणी एकेक करून घेतली होती, रसद तोडली होती, मुलूख उजाड पडला होता. बेटावर उपासमारीची वेळ आली तेव्हा महाराजांनी निरोप धाडला: किल्ला दे, रोख रक्कम आणि जहागीर घे. फत्तेखान कबूल झाला. माझ्या मते त्याच्या जागी बहुतेक कुणीही कबूल झाला असता. पण त्याच्याजवळ तीन हबशी होते: संबळ, कासम आणि खैरियत. जदुनाथ सरकार त्यांना फत्तेखानाचे गुलाम म्हणतात. या तिघांनी धन्यालाच पकडून बेड्या घातल्या आणि किल्ला ताब्यात घेतला. मग मदतीसाठी त्यांनी विजापूरला लिहिलं आणि औरंगजेबालाही. औरंगजेबाकडे सुरत होती. त्याने या नव्या मंडळींना आपल्या पदरी घेतलं आणि सुरतेच्या उत्पन्नातून 3 लाखांची जहागीर लावून दिली. संबळ मोगल आरमाराचा सरदार झाला, कासमकडे जंजिरा आला आणि खैरियतकडे जमिनीवरचा मुलूख.

मुलूख कागदावरच होता म्हणा. दंडा-राजपुरीचे कोट मराठ्यांकडे होते आणि ते जंजिऱ्याच्या इतके जवळ की तोफा डागून बेटाला त्रास देता येई. तिथे मराठ्यांचं निशाण राहिलं असतं तर बेटावरच्या माणसाला सरपण आणायलाही जीव धोक्यात घालावा लागला असता. त्यामुळे दंडा घेणं ही कासमच्या दृष्टीने हौस नव्हती.

मधल्या काळात समुद्रावरची भांडणं फार कडवट झाली. खाफीखान सांगतो की कासमने मराठ्यांच्या काही होड्या पकडल्या. त्यांत महाराजांनी नुकतेच नेमलेले शंभरेक मराठे होते. कासमने त्यांच्या पायांना धोंडे बांधले आणि त्यांना समुद्रात ढकलून दिलं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आठव्या दिवशी जे झालं ते रागाच्या भरात झालं असं कुणी म्हणू लागलं, तर हा माणूस आधीही असाच होता हे दिसेल.

शिमगा, दुपारी बाराच्या सुमारास: ऐन भरती

दंड्याच्या कोटाच्या पायथ्याशी पाणी चढलं असणार. पौर्णिमेचं उधाण, म्हणजे महिन्यातलं चढाचं पाणी. जंजिऱ्याच्या तटावर उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी एक गोष्ट बोटांवर मोजता येत होती: असंच पाणी पुन्हा मध्यरात्री लागेल.

कोटात मात्र दिवसाचा हिशेब वेगळा होता. शिबंदीतली माणसं महिनोन् महिने घरापासून लांब, समोर बेटावर शत्रू, आणि सण शिमग्याचा. लाकूडफाटा, गोवऱ्या, संध्याकाळची होळी. कोकणातला शिमगा ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको की त्या दिवशी पहारेकऱ्याचं चित्त कुठे असतं. खाफीखान म्हणतो, मराठे पिऊन झिंगले होते. काही जण असतीलही. पण जिंकणाऱ्याच्या इतिहासकाराला हरलेला माणूस नेहमी झिंगलेलाच दिसतो, एवढं धरून चालावं.

सूर्यास्त: पाणी ओसरलेलं

साडेसहाच्या पुढे सूर्य बुडतो, मागून चंद्र वर येतो आणि होळ्या पेटतात. किनाऱ्याने ओळीने गावोगावच्या होळ्या. पाणी खाली गेलेलं, तटाखालचे खडक उघडे. या वेळी होडी तटापर्यंत नेणं म्हणजे ती दगडांवर घालणं. कासम थांबला असेल तर या पाण्यासाठीच.

बेटावर तयारी चालली होती. दोन टोळ्या ठरल्या होत्या. खैरियतने चार-पाचशे माणसं घेऊन जमिनीच्या बाजूने जायचं. कासमने तीस-चाळीस होड्या घेऊन समुद्राच्या बाजूने. दोघांकडे शिड्या. कुणी काय झाल्यावर काय करायचं, याची खूण ठरलेली.

रात्रीचा पहिला प्रहर, नवाच्या आतबाहेर

खैरियतची माणसं जमिनीवर उतरून कोटाच्या मागच्या अंगाला सरकू लागली. पाणी भरू लागलं होतं.

आता या बेताची खरी खुबी. छापा घालायचा तर अंधारी रात्र बघतात. चंद्र नसावा, ढग असावेत. कासमने निवडली ती वर्षातल्या स्वच्छ चांदण्या रात्रींपैकी एक. फाल्गुनातलं आकाश, पाऊस नाही, धुकं नाही, समुद्रावर चांदणं पसरलेलं. चाळीस होड्या अशा पाण्यावर दिसतात. कुणी त्या बाजूला पाहिलं तर नक्की दिसतात. त्याने अंधाराचा आडोसा सोडून आवाजाचा आडोसा घेतला. शिमग्याच्या रात्री बोंब मारणं हा धर्म आहे. ढोल, हाका, शिव्या सगळं चालतं. त्या रात्री तटाखालून आरोळी आली तर पहारेकरी आधी हसतो आणि मग विचार करतो. शिवाय होळीच्या जाळाकडे पाहत बसलेल्या डोळ्यांना जाळापलीकडचा समुद्र दिसत नाही, चांदणं असो वा नसो.

परक्या मुलखातून आणलेल्या या माणसांना इथल्या सणाची नस इतकी नेमकी माहीत होती, याचं आपल्याकडे अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या ते इथेच होते. जंजिऱ्यावरच्या होड्या वल्हवणारे, त्यांना मासळी आणि बातम्या पुरवणारे लोक याच किनाऱ्यावरचे होते. सिद्दी कोकणाबाहेरचे राहिले ते मुख्यतः आपल्या गोष्टींमध्ये.

दुसरा प्रहर, अकराच्या सुमारास

चढत्या पाण्यावर होड्या तटाकडे निघाल्या. इथे फार सांगण्यासारखं नाही. वल्ही चालली, कुणी बोललं नाही.

मध्यरात्रीच्या आगेमागे: ऐन भरती

जमिनीच्या बाजूने एकदम आरोळ्या उठल्या. खैरियतच्या माणसांनी जाणूनबुजून जितका करता येईल तितका गलका केला आणि शिड्या लावायला सुरुवात केली. कोटातली शिबंदी जागी झाली, हत्यारं उचलली आणि जिथून आवाज येत होता तिकडे धावली. यात त्यांची चूक काढणं सोपं आहे. रात्री तटावर शत्रू चढतो आहे असं दिसल्यावर कुणीही तिकडेच धावेल. खैरियतचा हल्लाही निव्वळ सोंग नव्हता. ती शिडी कुणी अडवली नसती तर तो तिथूनच आत आला असता.

समुद्राकडचा तट ओस पडला. खूण झाली. कासमच्या होड्या भरल्या पाण्यावर थेट तटाला लागल्या आणि शिड्या वर गेल्या.

पण तिथे अगदीच कुणी नव्हतं असं नाही. थोडे मराठे जाग्यावर होते आणि ते लढले. कासमची काही माणसं शिडीवरूनच समुद्रात फेकली गेली, काही तटावर कापली गेली. बाकीचे रेटून आत शिरले. झिंगलेल्या शिबंदीची गोष्ट इथे जरा सैल पडते, हे खाफीखानाच्या लक्षात आलं नसावं.

शिडीच्या लढाईत यश आणि अपयश यांत फार थोडं अंतर असतं. पाच-सहा वर्षांनी हाच डाव उलट्या बाजूने पडला. महाराजांच्या बाजूच्या लाय पाटील याने रात्रीच्या वेळी खुद्द जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंत पेशव्यांच्या माणसांची वाट पाहत बसला. माणसं वेळेत आली नाहीत. उजाडायला लागलं तसं त्याला माघारी फिरावं लागलं. धाडस तेवढंच, किंबहुना जास्त, कारण जंजिऱ्याचा तट दंड्याहून कितीतरी अवघड. फरक एवढाच की कासमचा खैरियत वेळेवर पोचला होता.

स्फोट

कोटात हातघाई चालली असताना दारूकोठार उडालं.

कुणाची मशाल लागली, कुणाची गोळी गेली की कुणी आत असलेल्या मराठ्यानेच बत्ती दिली, याचा निवाडा करणारा कुणी उरला नाही. दारूकोठाराजवळ पेटतं काही नेऊ नये हा साधा नियम. पण त्या रात्री कोटात होळी होती, मशाली होत्या आणि दोन्हीकडून बंदुका चालत होत्या. कोठार उडालं त्यात मराठ्यांचा किल्लेदार गेला आणि त्याच्या भोवतीची बरीच माणसं गेली. कासमच्या जवळचेही दहा-बारा जण जागच्या जागी मेले. धूर, माती, दगड. आपला कोण आणि परका कोण हे कुणालाच कळेना.

या घटनाक्रमाचं केंद्र धरायचं तर बहुतेक जण इथे धरतात. आणि इथून पुढची दोन-चार मिनिटं खरोखरच निर्णायक होती, पण ती स्फोटामुळे झाली असं म्हणता येत नाही. स्फोटाने दोन्ही बाजूंची तोंडं सारखीच बंद केली होती. मराठ्यांचा सरदार मेला होता. कासम जिवंत आहे की नाही हे त्याच्या माणसांना माहीत नव्हतं. अशा वेळी ज्या बाजूचा माणूस आधी ओरडेल ती बाजू सावरते. कासम ओरडला. खस्सू, खस्सू, ही त्याची रणातली आरोळी. ती देत त्याने आपल्या लोकांना सांगितलं की मी धडधाकट आहे, घाबरू नका. मराठ्यांकडे तसा आवाज देणारा त्या क्षणी कुणी नव्हता. सिद्दी पुढे सरकले, सापडेल त्याला कापलं किंवा बांधलं. तेवढ्यात खैरियतची टोळी दुसऱ्या बाजूने आत आली आणि दोघे मधे भेटले.

त्याच वेळी, सुमारे 40 मैलांवर

महाराज झोपेतून दचकून उठले आणि दंडा-राजपुरीवर काहीतरी संकट आलं आहे असं म्हणाले; माणसं धाडून खबर काढली तेव्हा ते खरं निघालं, असं खाफीखान नोंदवतो.

स्फोटाचा आवाज ऐकू आला होता, की हे स्वप्न होतं, की मागाहून जोडलेली दंतकथा, यावर किल्ले फिरणाऱ्या मंडळींत दर पावसाळ्यात वाद होतात. मला त्यात वेगळंच काही लक्षात राहतं. खाफीखान महाराजांचा कट्टर शत्रू. त्यांच्याविषयी लिहिताना तो एकही शिवी शिल्लक ठेवत नाही; त्यांच्या मृत्यूचा सनही त्याने नरकाचा उल्लेख साधून अक्षरांत बसवला. असा माणूस आपल्या बाजूच्या विजयाचं वर्णन करताना मधेच थांबतो आणि शत्रूला दूरवरचं ऐकू येत होतं असं लिहून जातो. मराठ्यांची धास्ती मोगल छावण्यांत किती खोल गेली होती, हे या एका नोंदीवरून कळतं.

पहाट, सहाच्या सुमारास: ओहोटी

चंद्र समुद्राकडे, सूर्य डोंगरामागे. दंड्याचा कोट सिद्दीच्या ताब्यात. किनाऱ्यावर धुळवडीचा दिवस उजाडला.

दुसरा आणि तिसरा दिवस

कासम थांबला नाही. आसपास मराठ्यांची सहा-सात छोटी ठाणी होती, दंड्याच्या भरवशावर उभी असलेली. दंडा पडल्यावर त्यांना रसद कुठून येणार? सहा ठाणी दोन-तीन दिवसांत खाली झाली.

सातव्याने नकार दिला.

आठवडाभर

सातव्या ठाण्याच्या किल्लेदाराला मदत येईल अशी आशा होती आणि ती आशा खुळी नव्हती. महाराज जवळच होते, खबर गेली होती. कासमने वेढा घातला. पाणी आणि दाणा संपेपर्यंत आठवडा गेला. मग कासमने जिवाचं अभय दिलं. त्या काळात अभयाला किंमत असे. शब्द देऊन किल्ला खाली करून घेणं ही दोन्ही बाजूंची रोजची रीत होती आणि ती मोडली तर पुढचा किल्ला कुणी खाली करणार नाही, हे सगळ्यांना कळत असे.

आठव्या दिवशीच्या सुमारास

त्या शब्दावर 700 माणसं दरवाज्यातून बाहेर आली. शिपाई, त्यांच्या बायका, मुलं, म्हातारी माणसं.

पुरुष मारले गेले. मुलांना आणि तरुण देखण्या बायकांना गुलाम केलं, जबरदस्तीने मुसलमान केलं. म्हाताऱ्या आणि रूपाने न आवडलेल्या बायकांना सोडून दिलं. हे कुणा मराठी बखरकाराने रागाने लिहिलेलं नाही. मोगलांच्या इतिहासकाराने, कर्तबगारीच्या ओघात, काहीसं कौतुकानेच लिहिलं आहे.

दंड्याचा नाश मी स्फोटापाशी मोजत नाही तो यासाठी. कोठार उडालं तो लढाईतला अपघात होता आणि त्यात दोन्हीकडची माणसं गेली. सातव्या ठाण्याच्या दरवाज्यात जे झालं त्याला भरती लागली नाही, चांदणं लागलं नाही, खुबी लागली नाही. आणि ते करणारा माणूस स्वतः गुलाम होता. त्याच्या जातभाईंची लहान पोरं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अशीच वेगळी काढली गेली होती: तरुण एकीकडे, म्हातारे एकीकडे. ती वाटणी कशी करतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आफ्रिकेतून विकून आणलेल्या माणसांनी परक्या समुद्रात उभं केलेलं राज्य म्हणून जंजिऱ्याचं आज जगभर कौतुक होतं आणि ते कौतुक रास्त आहे. दीर्घ काळ तिथे बापामागे मुलगा असा नियमही नव्हता. सरदारांतला लायक माणूस निवडला जाई. ते राज्य 1948 पर्यंत टिकलं. पण ज्याला त्या राज्याचा अभिमान सांगायचा आहे त्याने 1671 च्या त्या दरवाज्यातून जायला हवं, आणि ज्याला नुसता द्वेष सांगायचा आहे त्याने अरबांच्या बाजारात विकल्या गेलेल्या पोराजवळ थोडं थांबायला हवं.

त्यानंतर

कासमने विजयाची खबर दख्खनचा सुभेदार शहजादा मुअज्जम याच्याकडे पाठवली. त्याची मनसब वाढली. खिलत त्यालाही आली आणि खैरियतलाही. इतिहासात तो पुढे याकूतखान या किताबानेच ओळखला गेला. महाराजांनी खांदेरीवर तट घालायला घेतल्यावर त्याने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, आणि 1689 मध्ये शिवडीला उतरून मुंबई बेटाचा बराच भाग वर्षभर इंग्रजांकडून हिसकावून धरला.

सप्टेंबर 1671 मध्ये, शिमग्याला सहा-सात महिने झाल्यावर, महाराजांचा वकील मुंबईला इंग्रजांकडे गेला. वरकरणी विषय राजापूरच्या वखारीच्या जुन्या लुटीची भरपाई हा होता. इंग्रजांनी आपल्या पत्रांत नोंदवलं की त्याला खरं हवं आहे ते वेगळंच: हातगोळे, उखळी तोफा आणि दारूगोळा, दंडा-राजपुरीवर चालवायला. मोगलांचं सुरत बंदर हातचं घालवायचं नव्हतं आणि मराठ्यांनाही दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी वकिलाला आशेवर ठेवलं. बोलणी पुढची काही वर्षं चालली.